कॅमेरे तेवढे राहिले

नोरीन मॉसपला कुणी विचारलं, की बाई, तू त्या कारखान्यात नेमकं करतेस तरी काय, तर ती सांगायची, "चालते." लोकांना वाटायचं, थट्टा करतेय. पण बाई खरंच बोलायची. इंग्लंडात, तिच्या एग्रमंट गावाच्या खाली समुद्राकाठी तो अणूचा कारखाना पसरलाय ना, तिथे बाहेरच्या माणसाला एकट्यानं पाऊल टाकायची सोय नाही. आतलं कुणीतरी कायम बरोबर लागतं. तो चालला की चालायचं, तो थांबला की थांबायचं, तो संडासात गेला तर दाराबाहेर भिंतीकडे बघत उभं राहायचं. या कामाला कारखान्यात 'सोबत' म्हणतात, आणि नोरीन सोबतीच्या कामावर होती.

तिचा बाप लोखंडाच्या खाणीत होता. संध्याकाळी केसांपासून बुटांपर्यंत लालभडक होऊन घरी यायचा आणि आई त्याला मागच्या दारानंच आत घ्यायची. पुढे खाण मेली, कारखाना उभा राहिला, आणि अख्ख्या गावानं कारखान्यालाच मायबाप मानलं. नोरीन शाळा सोडून तिथल्या धोबीखान्यात लागली, पांढरे डगले धुवायला. तिथेच तिला कीथ भेटला. लग्न झालं, मुलगा झाला, मुलगा मोठा होऊन ऑस्ट्रेलियात गेला आणि तिकडचाच झाला. धोबीखान्यातल्या वाफेनं छाती भरायला लागली तेव्हा साहेबानं तिला सोबतीच्या कामावर घातलं आणि पहिल्याच दिवशी बजावलं, "विचारतील तेवढंच सांगायचं. विचारलं नाही ते सांगायचं नाही. तू हुशार आहेस हे त्यांना कळायची काही गरज नाही."

ते म्हणजे तपासनीस. युरोपातल्या देशांनी मिळून अणूचा एक करार केलेला होता, त्या कराराचे हे पहारेकरी. कारखान्यात प्लुटोनियम किती, कागदावर लिहिलंय तेवढंच आहे ना, कुणी चिमूटभर काढून बॉम्बसाठी बाजूला तर ठेवत नाही ना, हे बघायचं. त्यासाठी जागोजागी त्यांचे कॅमेरे, दारांना त्यांची सीलं, आणि ती तपासायला त्यांची माणसं. त्यांच्यातला एक इथेच मुक्कामाला आला आणि नोरीनच्या वाट्याला लागला. पोर्तुगालचा, दुआर्ते सेकेइरा नावाचा. ते नाव उच्चारताना गावाची बोबडी वळायची, म्हणून सगळ्यांनी त्याचा सरळ 'एडी' करून टाकला. नोरीन मात्र पहिली काही वर्षं 'मिस्टर सेकेइरा' म्हणाली आणि पुढे दुआर्ते. तिनं ते नाव घरी आरशासमोर म्हणून म्हणून बसवलं होतं, हे तिनं कुणाला सांगितलं नाही.

हा दुआर्ते सडपातळ आणि भारी शिस्तीचा. त्यांच्या नियमात, ज्याची तपासणी करायची त्याचं पाणीसुद्धा प्यायचं नाही. उद्या कुणी म्हणायला नको, की गडी बिस्किटावर फितला. त्यामुळे दहाच्या सुट्टीत दोघं वाऱ्याच्या आडोशाला एकाच बाकावर बसायची, पण दोन टोकांना. तिचा थर्मास तिच्याकडे, त्याचा थर्मास त्याच्याकडे. ती स्वतःचा जिंजरब्रेड खायची, तो स्वतःचा सार्डिन मासळीचा पाव खायचा, आणि मधल्या रिकाम्या जागेवर वर्षानुवर्षं कुणी काही ठेवलं नाही.

बोलायला मात्र बंदी नव्हती. कामाचं सोडून काहीही बोलावं. त्याच्या आईचं कमरेचं हाड, तिच्या शेजाऱ्याच्या मेंढ्या, पाऊस आडवा का पडतो, गावच्या जत्रेत माणसं घोड्याच्या गळपट्ट्यातून तोंड काढून वेडेवाकडे चेहरे करतात त्याला स्पर्धा का म्हणायचं, असलं काहीबाही. एका जत्रेत तो बघायला आला आणि इतका हसला, की नोरीनच्या मैत्रिणीनं, ग्लेनिसनं, त्याला विचारलं, "काय हो एडी, तुमच्याकडे तोंडं वाकडी करत नाहीत का?" तो म्हणाला, "करतात ना. पण आमच्याकडे निवडून आल्यावर करतात." ग्लेनिस ते पुढे महिनाभर सांगत सुटली.

कीथ गेला तो अचानक गेला, बागेत फावडं हातात धरून. मयताला चर्चच्या शेवटच्या रांगेत दुआर्ते उभा होता, काळा कोट घालून, कुणाशी न बोलता. नोरीन कामावर परतली तेव्हा त्यानं 'कशा आहात' वगैरे काही विचारलं नाही. दोन-तीन आठवडे नुसता हळू चालला. एरवी ताडताड चालणारा माणूस, पण ती मागे पडायला लागली की हा कॅमेऱ्याकडे बघत उगाच थांबायचा. तिला ते कळत होतं. घरी रिकाम्या स्वयंपाकघरात बसून ती त्या हळू चालण्यावर एकेक दिवस ढकलत होती. अशी सोबत सख्ख्या बहिणीनंसुद्धा केली नसती.

मग ते मतदान आलं. युरोपात राहायचं की बाहेर पडायचं.

आमच्या बाजूला त्या वेळी काय हवा होती ते लंडनवाल्यांना आजतागायत कळलेलं नाही. व्हाइटहेवनच्या इस्पितळातला बाळंतपणाचा विभाग हलवायचा घाट घातला होता, म्हणजे कळा सुरू झाल्या की पोरींनी डोंगरकडेच्या रस्त्यानं तासभर गाडीत बसायचं. गावाची बस बंद केली. पोस्ट बंद केलं. ओरडून घसे बसले, पण वर कुणी ढिम्म हललं नाही. नोरीननं विचार केला, आयुष्यात एकदा आपल्याला विचारतायत, तर एकदा या साहेबांच्या कानाखाली आवाज निघू दे. शाळेच्या हॉलमध्ये दोरीला बांधलेल्या पेन्सिलीनं तिनं 'बाहेर' पुढे फुली मारली आणि येताना मासळी आणि बटाट्याचे तळलेले काप घेऊन घरी गेली. त्या फुलीत दुआर्ते कुठे आहे असं तिच्या स्वप्नातही आलं नाही. तो काय युरोप होता? तो बाकावरचा माणूस होता.

'बाहेर'वालेच जिंकले. सातेक महिन्यांनी कँटीनमधल्या टीव्हीवर बातमी आली, की युरोपच्या युनियनमधून बाहेर पडायचं तर अणूच्या करारातूनही बाहेर पडावं लागणार.

"हे कुठे लिहिलं होतं?" नोरीन म्हणाली. "कागदावर दोनच चौकोन होते. अणूचं नावसुद्धा नव्हतं त्यात."

"ओल्याबरोबर सुकंही जळतं बाई," ग्लेनिस चहा ढवळत म्हणाली. "काडीमोड घेतला की सासरची सगळीच नाती तुटतात, आवडती नणंदसुद्धा. तुझा एडी चालला आता. तू कुठे मारलीस फुली?"

"तुला काय करायचंय?"

"म्हणजे बाहेरच. मीही बाहेरच," ग्लेनिस म्हणाली आणि नोरीनच्याच बशीतला केक तोडला.

ग्लेनिसला सोपं होतं. नोरीनला त्या दिवसापासून घास गोड लागेना. आपल्या हातानं आपल्या पायावर धोंडा घातला होता तिनं, आणि तो धोंडा दुसऱ्याच्याही पायावर पडला होता. सांगून टाकावं असं रोज सकाळी ठरवायची. पण इकडे कुणी कुणाला मत विचारत नाही, आणि दुआर्तेनंही विचारलं नाही. विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं. न विचारलेलं सांगायचं नाही, हे इतकं हाडीमाशी खिळलं होतं, की बाकावर बसलं की जीभ टाळ्याला चिकटायची. पुढे पुढे तिला साध्या गप्पांचीही भीती वाटायला लागली. पावसाचं बोलावं तर पावसावरून मासेमारीवर, मासेमारीवरून मतदानावर जायला कितीसा वेळ लागतो. म्हणून ती बोलेनाशीच झाली. तो काही बोलला तर हूं म्हणायची आणि थर्मासचं झाकण पुसत बसायची. तोंडात मिठाची गुळणी धरून बाई त्याच्याबरोबर वर्षामागून वर्षं चालली.

मधल्या काळात लंडनहून वाटाघाटीवाले आले. जुना करार सुटला म्हणजे नवे करायला हवेत. व्हिएन्नातल्या अणुसंस्थेशी एक, अमेरिकेशी एक, कॅनडाशी, ऑस्ट्रेलियाशी, जपानशी वेगळे. नाहीतर इंधनही येणार नाही आणि यंत्राचा सुटा भागसुद्धा येणार नाही. टेबलावर बसून भांडण्याआधी एकदा डोळ्यांनी बघावं म्हणून ती मंडळी कारखान्यात आली, आणि त्यांच्यातल्या क्रिस्पिन हॅलम नावाच्या तरण्या साहेबाची सोबत नोरीनकडे आली. गुलाबी गालांचा, दमलेला, सभ्य मुलगा. बायको-पोरं सोडून महिनोन् महिने विमानतळांवर राहत होता. त्याची तिला दयाच आली. पण हाच एक माणूस होता ज्याला खरं काय ते ठाऊक होतं. त्या दिवशी तिनं साहेबाची शिकवण मोडली आणि न विचारता आपणहून बोलली.

"साहेब, हे कॅमेरे कुणाचे होणार?"

"छान प्रश्न," क्रिस्पिन म्हणाला. "त्यावरच सगळ्यात जास्त डोकेफोड झाली. कॅमेरे त्यांचे, भिंत आपली. पण मिटेल असं दिसतंय. कॅमेरे राहतील, सीलांची यंत्रंही राहतील. आपण घेतोय ती."

"आणि त्यातून बघणारी माणसं?"

"ती आपली असतील. आपण आपलंच तपासनीसांचं खातं उभं करतोय."

"मग आत्ता आहेत ते?"

त्यानं हातातल्या फायलीची पानं चाळली. त्याच्याकडे या प्रश्नाचं टिपण नव्हतं. "ते... घरी जातील ना?"

"तो इथे शेजारच्या सेंट बीसला राहतो," नोरीन म्हणाली. "समुद्राकडच्या गल्लीत. दाराशी त्यानं वाटाणे लावलेत."

क्रिस्पिननं मान हलवली आणि कॅमेऱ्यांचा नंबर विचारला. त्या बिचाऱ्याची तरी काय चूक. चार देशांशी भांडून त्यानं तारेचा तुकडासुद्धा हिशेबात धरला होता, पण वाटाणे लावणाऱ्याचं कलम कुणी काढलंच नव्हतं. त्या संध्याकाळी नोरीन बसथांब्यावर एकटीच खूप वेळ बसली. बस बंद झालीय हे तिला ठाऊक होतं, पण घरी जाऊन करायचं तरी काय होतं.

आणि मग जुना करार सुटायच्या शेवटच्या वर्षी, हिवाळा सरताना, ग्लेनिस बातमी घेऊन आली. "ऐकलंस का? नव्या खात्याला अनुभवी माणसं मिळेनात. एडीला विचारलंय त्यांनी. इथलाच रहिवासी आहे म्हणे, सोळा-सतरा वर्षं झाली, घेता येतो."

नोरीननं दोन्ही हात डगल्याच्या खिशात घातले. तो राहू शकत होता. केलेलं सगळं पुसलं जाऊ शकत होतं. रात्री तिनं देवाची आळवणी केली, कीथच्या मयतानंतर पहिल्यांदा. पण त्याला 'राहा' म्हणायला तिची जीभ उचलेना. ज्या हातानं त्याला हाकललं, त्याच हातानं त्याचा कोट धरायचा? कुठल्या तोंडानं? त्यानं आपलं आपण ठरवावं, ती मनात म्हणायची, देवा, त्याला सुबुद्धी दे.

फेब्रुवारीतली एक सकाळ. वापरलेलं इंधन पाण्यात बुडवून ठेवतात, त्या तळ्याच्या इमारतीकडून दोघं परत येत होती. वारा समोरून. दुआर्ते मध्येच म्हणाला, "नोरीन, इथल्या लोकांना आता माझ्यासारख्यांचा कंटाळा आला असेल, नाही?"

आत्ता बोलले तर रडेन आणि रडले तर सगळंच बाहेर पडेल, असं तिला झालं.

"लोकांचं मला काय माहीत," ती म्हणाली.

तो ताडताड चालायला लागला. पुढच्या आठवड्यात कळलं, की त्यानं नव्या खात्याला नाही म्हणून कळवलंय.

त्यानंतर साथ आली. तोंडाला फडकी बांधून, मध्ये दोन हातांचं अंतर ठेवून सोबत करायची वेळ आली. सरकारनं एकट्या राहणाऱ्या माणसांना मुभा दिली होती, की कुठलंही एक घर निवडा आणि त्यांच्यात जाऊन-येऊन राहा. ग्लेनिसच्या घरात आधीच सात माणसं. नोरीननं कुणालाच निवडलं नाही. उन्हाळाभर ती रेडिओशी भांडायची, मुलाला फोन लावायची, तो म्हणायचा, "आई, इथे मध्यरात्र आहे गं," आणि ती म्हणायची, "हो रे, विसरलेच." ती विसरलेली नसायची.

डिसेंबरात दुआर्तेनं आपला बिल्ला फाटकावर जमा केला. आता तो कुणाचाच तपासनीस नव्हता. नोरीननं फाटकाबाहेर, वाऱ्यात, इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याला बोलावलं. "रविवारी दुपारी जेवायला या. मी एकटी आहे, तुम्ही एकटे आहात, कायद्यात बसतं."

तो आला. केस नीट विंचरलेले, हातात कोबीचा गड्डा, कारण फुलांची दुकानं बंद होती. नोरीननं टॅटी पॉट केलं होतं, मटण खाली आणि बटाट्याच्या चकत्या वर, ओव्हनमध्ये सकाळपासून ठेवलेलं. बाजूला लोणच्यातली लाल कोबी. त्यानं पहिला घास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाला, "इतकी वर्षं याचा फक्त वास यायचा तुमच्या डब्यातून."

ती हसली आणि तिथंच तिचा बांध फुटला. तिनं काटा खाली ठेवला.

"दुआर्ते, मी 'बाहेर'ला मत दिलं होतं."

तो चावायचा थांबला.

"तुमच्याविरुद्ध नाही," ती भराभर बोलत सुटली, "शपथ सांगते. इस्पितळाचा राग होता, बसचा राग होता. लंडनला दणका द्यायचा होता. तुम्ही त्यात आहात हे माझ्या टाळक्यातच आलं नाही. आणि कळल्यापासून मला तोंड दाखवायची लाज वाटतेय. म्हणून बोलत नव्हते. रोज सांगायचं ठरवायचे आणि रोज शेपूट घालायचे. तुम्ही विचारलंही नाहीत."

त्यानं घास गिळला आणि तोंड पुसलं. बाहेर शेजाऱ्याचा कुत्रा भुंकत होता.

"मत मला माहीत होतं," तो म्हणाला. "म्हणजे अंदाज होता. या गावात दहातल्या सहांनी तेच केलं. मी आठवडाभर रागावलो असतो, नोरीन. फार तर दोन. मग आपण भांडलो असतो आणि संपलं असतं."

"मग?"

"तुम्ही बोलणं बंद केलंत." त्यानं चष्मा काढून टेबलावर ठेवला. "माझं कामच ते आहे. एखादं माणूस रोज बोलतं आणि एक दिवस गप्प होतं, तर त्याची नोंद घ्यायची, की इथे काहीतरी दडलंय. मी घेतली. वाटलं, यांनासुद्धा आता आपण नकोसे झालोय, सभ्य आहेत म्हणून तोंडावर म्हणत नाहीत एवढंच. तरी खात्री करायची म्हणून एकदा विचारून बघितलं. तळ्याजवळ."

नोरीनला तो वारा आठवला. तो 'लोक' म्हणाला होता. तिनं लोकांचं उत्तर दिलं होतं.

"मी समजले नाही," ती पुटपुटली.

"त्याच संध्याकाळी मी त्यांना नाही कळवलं. ज्या गावात एकही माणूस 'राहा' म्हणत नाही, तिथे राहून काय करायचं?"

"आता कळवा ना परत. सांगा, विचार बदललाय. क्रिस्पिन साहेबाला मी फोन करते, तो चांगला आहे."

"ती जागा भरली. लीड्सची एक मुलगी आहे, हुशार आहे. जानेवारीपासून तुम्ही तिच्याबरोबर असाल. आणि मी घर सोडलंय. आईला सांगून बसलोय, ती दिवस मोजतेय."

नोरीन उठली आणि खिडकीशी गेली. ती काही नाजूक बाई नव्हती. बाप गेला, नवरा गेला, मुलगा दूर गेला, ते सगळं तिनं सोसलं होतं, कारण त्यातलं काहीच तिच्या हातात नव्हतं. हे एकच होतं जे तिच्या हातात होतं, आणि एका शब्दाचं काम होतं. ती वळली. तिचा चेहरा ओला झाला होता आणि तिनं तो पुसला नाही.

"राहा," ती म्हणाली. "मला तुम्ही हवे आहात. या मुलखात माझं दुसरं कुणी नाही. राहा."

दुआर्तेनं मान खाली घातली. त्याचे खांदे एकदा हलले.

"फेब्रुवारीत, नोरीन," तो हळूच म्हणाला. "फेब्रुवारीत म्हणायचं होतंत."

मग तिनं त्याच्या ताटात आणखी वाढलं, कारण दुसरं काही करण्यासारखं उरलं नव्हतं, आणि त्यानं ते सगळं खाल्लं. मंगळवारी पहाटे त्याची गाडी पोर्ट्समथ बंदरातल्या बोटीसाठी निघाली. तिला निरोप देऊन झाला होता, म्हणून तो एग्रमंटवरून, तिच्या घराकडून न जाता समुद्राकडच्या रस्त्यानं गेला.